वडीलधाऱ्यांचा पहारा

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात सहाव्या दिवशी दुपारी मंडपात केलेले बोलणे. एका मुलाने मोबाईलवर टेप केले होते, त्यावरून उतरवून घेतले.)



मी काही भाषण करणारा माणूस नव्हे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढं बैलांच्या मागं गेलो, आणि जे काही चार शब्द पदरात पडले ते दिंडीत चालता चालता पडले. कीर्तनाला उभा राहिलो म्हणजे पाठीमागं टाळकरी असतात, अडलो की ते सावरून घेतात. आज पाठीमागं नुसती भिंत आहे. तेव्हा अडलो तर तुम्हीच "विठ्ठल विठ्ठल" म्हणा, मला वाट सापडेल.

कमिटीनं मला विषय दिला, "ज्येष्ठांची सेवा". मी म्हणलं, विषय चांगला, पण नावात खोट आहे. सेवा म्हणलं की एक जण बसलेला आणि दुसरा त्याचे पाय चेपतोय, असं चित्र डोळ्यापुढं येतं. ते चित्र मी लई वर्षं रंगवलं. पुंडलिकाचं आख्यान मी किती गावांत लावलं असेल त्याचा हिशोब नाही. देव दारात आलाय, पुंडलिक आईबापाची सेवा सोडून उठत नाही, वीट फेकतो आणि म्हणतो, थांब जरा. इथं आलं की बाया डोळ्याला पदर लावायच्या आणि मला वाटायचं, आज कीर्तन चांगलं झालं. त्याच काळात माझ्या घरात काय चाललं होतं, ते आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो.

माझे वडील आमच्या दिंडीचे जुने टाळकरी. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पहिल्या वर्षी दिंडी निघाली तेव्हा पताका घेऊन चालले होते. वडिलांचं वय झालं चौऱ्याहत्तर. गुडघे दुखायचे, पण माणूस पहाटे चारला उठायचा. बैलांना वैरण टाकायची, शेण ओढायचं, धार काढायची आणि किटली घेऊन डेअरीवर जायचं. डेअरीवर त्यांच्या वयाची चार-पाच माणसं जमायची. दुधाची फॅट लागेपर्यंत गावातल्या सगळ्या बातम्यांचीही फॅट लागायची. एके दिवशी बांधावरून उतरताना त्यांचा पाय घसरला. लागलं फारसं नाही, कोपर खरचटलं. पण माझ्या मनात भीती बसली. लोक काय म्हणतील, बुवा गावोगाव कीर्तनं करतोय आणि म्हातारा राबतोय. मी बैलजोडी विकली, ट्रॅक्टरवाल्याला सांगून टाकलं. किटली धाकट्या पोराच्या हातात दिली. वडिलांना म्हणलं, "दादा, लई केलंत. आता तुम्ही फक्त आराम करायचा." ओट्यावर खाट टाकली, उशाला तांब्या ठेवला. माझ्या मते मी पुंडलिक झालो.

पहिला महिना बरा गेला. पुढं पुढं दादा विचारायला लागले, "आज वार कोणता?" सकाळी विचारायचे, दुपारी परत विचारायचे. ज्या माणसाला पंचांग तोंडपाठ, त्याला वार सापडेना. का सापडावा? वार कळतो बाजारामुळं, डेअरीच्या पगारामुळं, एकादशीच्या भजनामुळं. खाटेवर सगळे वार सारखेच. पायांच्या पोटऱ्या बघता बघता बारीक झाल्या. नंतर मला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, म्हातारा माणूस आठ-दहा दिवस जरी सलग अंथरुणात राहिला तरी पायातलं मांस झडायला लागतं, आणि तरुणासारखं ते पटकन भरून येत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं आराम म्हणजे ठेव, बँकेत ठेवल्यासारखी वाढत जाते.

एकदा मी शेजारच्या तालुक्यात कीर्तन करून रात्री एक वाजता घरी आलो. दादा ओट्यावर जागे होते. मला म्हणले, "आज काय लावलंस?" मी म्हणलं, "पुंडलिक." म्हणले, "बरं केलंस. मला जरा उठवतोस का? दिवस मावळल्यापासनं मुतायला जायचंय, कुणाला हाक मारावी म्हणलं तर सगळी दमून झोपलीत."

मायबाप हो, त्या रात्री मी त्यांना उठवलं तेव्हा त्यांचं वजन माझ्या हाताला लागलं नाही. पोत्यातून धान्य काढून घेतल्यावर पोतं जसं लागतं तसं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता बाजारातून एक शेळी आणली. दावं खाटेच्या पायाला बांधलं आणि म्हणलं, "दादा, ही तुमची. मला वेळ नाही." म्हातारा चिडला. म्हणला, "मला उभं राहता येईना आणि ही बला कशाला?" पण शेळी भुकेली राहून बें बें करायला लागल्यावर काय करतोय? आधी बसल्या जागेवरून पाला टाकायचा. मग खाटेला धरून उभा राहायला लागला. मग काठी घेऊन दारातल्या सुबाभळीपर्यंत. तीन महिन्यांनी शेळी व्याली, आणि दोन करडांचं नाव ठेवायला डेअरीवरचे दोस्त घरी आले. गेलेलं सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. पायी वारी त्यांना पुन्हा झाली नाही. पण वार विचारायचं बंद झालं. आणखी चार वर्षं जगले आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत स्वतःच्या पायानं मोरीत गेले. ती आठ महिन्यांची खाट मात्र माझ्या हिशोबात आहे. ती मी कुणाच्या नावावर टाकू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, म्हाताऱ्या माणसाचं काम काढून घेऊ नका. हलकं करा, लहान करा, पण काढून घेऊ नका. शेंगा फोडायच्या असतील तर सूप त्यांच्यापुढं ठेवा, वेळ लागू द्या. लसणाच्या पाकळ्या सोलून झाल्या आणि चार त्यात साल राहिली तर जगबुडी होत नाही.

आता दिंडीची गोष्ट सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, तो दिवे घाटातला प्रकार. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघते, दोन रात्री पुण्यात मुक्काम, आणि पुण्याहून सासवडला जायचा दिवस येतो तो एकादशीचा. वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटर, त्यात घाटाची चढण, आणि वर उपास. आपल्या दिंडीतले एक सत्तरी ओलांडलेले बाबा, त्यांना साखरेचा आजार. नेमानं सकाळी गोळी घेतली आणि नेमानं उपासही धरला. घाटाच्या मध्यावर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. आम्ही म्हणलं, भाव लागला. खरंच सांगतो, दोघा-तिघांनी त्यांच्या पायाला हात लावले! मागच्या रांगेतल्या एक मावशी पुढं आल्या, त्यांचा नवरा साखरेनंच गेलेला. त्या म्हणल्या, "भाव कसला मेल्यांनो, साखर उतरली त्यांची." पदराच्या गाठीतला गूळ काढून त्यांच्या तोंडात घातला, वर साखरेचं पाणी पाजलं. पाऊण तासात बाबा ताळ्यावर आले.

इथं थोडं थांबतो, कारण हे ऐकून जायला पाहिजे. साखर उतरलेला माणूस शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तरच तोंडात काही द्यायचं. शुद्ध गेली असेल तर काही घालायचं नाही, श्वासनळीत जातं. कुशीवर वळवायचं आणि अँब्युलन्स बोलवायची, १०८. आणि उपासाचं म्हणाल तर, गोळी नाहीतर इंजेक्शन घेणाऱ्यानं आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कडक उपास धरू नये. कुणी म्हणेल, बुवा होऊन एकादशी मोडायला सांगतो. एकादशी मोडा म्हणत नाही. भजन करा, जागर करा, नाम घ्या, त्यानं साखर खाली जात नाही. आणि साबुदाणा खाऊन मी उपास केला असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की साबुदाणा साखर सरळ वर चढवतो. एक खाली, एक वर, दोन्हीकडून मार.

त्या वर्षी वारी झाल्यावर बैठक बसली. ठराव असा मांडला गेला की पुढच्या सालापासून सत्तरच्या वरच्यांना दिंडीत घ्यायचं नाही, जबाबदारी कोण घेणार? ठराव मांडणारे वाईट नव्हते, भ्यालेले होते, मी बैलं विकताना होतो तसे. सगळ्यांच्या माना हलायला लागल्या. तेव्हा आपले आताचे विणेकरी बाबा, ज्यांनी सबंध बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, ते म्हणले, "मला पंढरीत मरण आलं तर माझी तक्रार नाही. मला घरी ओट्यावर बसून मरण आलं तर तक्रार करायला मी तुमच्याकडंच येणार." लोक हसले. ठराव तिथंच पडला. पण बाबा पुढं आणखी एक बोलले, ते हसण्यात विरलं, मी मात्र ऐकलं. म्हणले, "घेऊन चला म्हणतो, उचलून न्या म्हणत नाही."

तिथनं पुढं दिंडीत काही गोष्टी बदलल्या. आता तुम्हाला त्या सवयीच्या झाल्यात म्हणून नवल वाटत नाही. वारीला निघायच्या आधी सत्तरच्या वरच्यांची वही होते. कोण कोणती गोळी घेतो, कधी घेतो, घरच्यांचा फोन कोणता. तेच एका पुठ्ठ्यावर लिहून, प्लास्टिकात घालून गळ्यातल्या पिशवीत. आमच्या पाटील मंडळींना सुरुवातीला कमीपणा वाटला, म्हणले जनावराच्या बिल्ल्यासारखं दिसतंय. मग मालकांनी पहिली पिशवी स्वतःच्या गळ्यात घातली, तेव्हा गप्प झाले. दुसरं, जोडी. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाबरोबर एक तरुण. पण तरुणाला सांगितलेलं असतं, हात धरायचा नाही. बरोबर चालायचं, त्यांनी तुझा हात धरला तर धरू द्यायचा. यात फरक आहे, माऊली. धरलेला हात आणि धरू दिलेला हात, दोन्ही एक नव्हेत.

तिसरं, सकाळच्या तळापासून पहिल्या विसाव्यापर्यंत चालायचं, पुढं ज्याला जमेल तो चालेल, बाकीचे ट्रकवर. आणि ट्रकवर बसणाऱ्याला काम. शंभर-सव्वाशे माणसांची भाजी निवडायची, तांदूळ निसायचे, भिशीचा हिशोब लिहायचा. जे बाबा घाटात पडले होते ते पुढची सहा वर्षं भिशीचा हिशोब बघत होते. एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, आणि आमच्यातल्या दोघा-तिघांना ते अवघड गेलं. असो.

बायकांचं एक सांगतो. सांगायला लाजायचं कारण नाही, आई-बहिणींचाच विषय आहे. बाया वारीत पाणी कमी पितात. का? आडोसा मिळत नाही म्हणून. म्हाताऱ्या बाया तर घरीही संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, रात्री उठायला लागेल म्हणून. त्यानं लघवीला जळजळ होते, ताप येतो, आणि म्हाताऱ्या माणसात तर कधी ताप दिसतच नाही, एकदम बडबड सुरू होते, माणसं ओळखू येत नाहीत. घरचे म्हणतात म्हातारीला वेड लागलं, कुणी म्हणतं बाहेरचं झालं, आणि लिंबू-मिरची सुरू होते. कालपर्यंत शहाणं असलेलं माणूस आज एकाएकी भ्रमिष्टासारखं करायला लागलं तर आधी दवाखाना. पुष्कळ वेळा साध्या औषधानं उतरतं. दिंडीनं बायकांसाठी कनाती आणि फिरते संडास केले तेव्हा काहींनी पैशाची उधळपट्टी म्हणून नाकं मुरडली. ज्यांनी मुरडली ते सगळे पुरुष होते.

पण वारी म्हणजे वर्षातले अठरा-वीस दिवस. बाकीच्या अकरा महिन्यांचं काय?

वारीत एक पद्धत आहे, मला तिचं फार कौतुक वाटतं. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. कुणा दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजत राहतात, म्हणजे चोपदारांना कळतं, इथं काहीतरी अडलंय. मग तिथं जाऊन ते ऐकून घेतात. कुणाची वस्तू हरवली, सापडली, तेही तिथंच पुकारतात. विचार करा, एवढ्या लाखाच्या गर्दीत एका माणसाचं अडलेलं ऐकायची सोय आपल्या जुन्या लोकांनी करून ठेवली. आणि आपल्या गावात, जिथं तीनशे उंबरे आहेत, तिथं एखादी म्हातारी चार दिवस दिसली नाही तरी कुणाचे टाळ वाजत नाहीत.

वाजले एकदा. ते सांगतो. कार्तिकातल्या काकड्याला आपल्याकडं पहाटे पंचवीस-तीस माणसं येतात. त्यात वरच्या आळीतल्या एक आक्का. एकट्या राहतात, लेक मुंबईला, गिरणी बंद पडल्यापासून रिक्षा चालवतो. आक्का देवळात खांबाला टेकून बसायच्या, जागा ठरलेली. एके पहाटे खांब मोकळा. आरती चालू असताना आमच्या घरातल्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोनं, मला खूण केली, आक्का नाहीत. मी म्हणलं, थंडी आहे, झोपल्या असतील. ती काही बोलली नाही, उठली आणि चपला घालून गेली. आक्का मोरीत पडलेल्या. रात्री दोनला उठल्या, मोरीतली शहाबादी फरशी ओली, लाईट गेलेली. खुब्याचं हाड मोडलं होतं, थंडीत चार तास तशाच. ती उठून गेली नसती आणि माझ्यासारखी सगळ्यांनी थंडीवर ढकललं असतं, तर आक्का आज समोर दुसऱ्या रांगेत बसलेल्या दिसल्या नसत्या. आक्का, मान खाली घालू नका, वर बघा.

ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी वॉकर देऊन उभं करा म्हणलं. लेक सुट्टी काढून किती दिवस राहणार? तेव्हा दिंडीनं जे केलं ते मला आजही सांगायला आवडतं. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, बरोबर? दोन-दोन तासांचे पहारे असतात. भिंतीवर यादी लागते, अमक्या वेळी अमका. रात्री दोनचा पहारा असला तरी माणूस उठून येतो, कारण आधीचा माणूस वीणा गळ्यात घालून त्याची वाट बघत असतो. आमच्या एका पोरानं तसलीच यादी आक्कांसाठी केली. सकाळी सहा ते आठ अमकी, आठ ते दहा तमकी. काम काय, तर उभं करायचं, वॉकरवर खोलीत चालवायचं, जेवताना बरोबर बसायचं. दीड महिना एकही पहारा चुकला नाही. एकदा माझा नंबर होता आणि मी पाऊण तास उशिरा गेलो, तर आधीची पोरगी कॉलेजची एसटी चुकवून तिथंच बसून होती. ती काही बोलली नाही. मला बोलून घ्यावं असं फार वाटलं.

मोरीत आता खरबरीत फरशी बसवली, भिंतीला पाईप ठोकला, उशाला बॅटरी ठेवली. सगळा खर्च हजार-बाराशे. हे मोडायच्या आधी केलं असतं तर? तुमच्या घरच्या मोऱ्या आज घरी गेल्यावर बघा. तुमची पावलं पाण्यानं ओली करा, डोळे मिटा आणि मग चालून बघा.

कानाचंही एक सांगून टाकतो, हसू येईल. आमचे एक टाळकरी, पन्नास वर्षांचा हात, एकाएकी लयीत चुकायला लागले. मागून काही बोललं की उत्तर देत नाहीत, भलतंच बोलतात. पोरं म्हणली, म्हातारा गेला कामातनं. घरात त्यांच्याशी बोलणंच बंद झालं, कारण तीनदा सांगायचा कंटाळा. शेवटी दवाखान्यात नेलं, तर दोन्ही कानांत मळाचे गोळे! काढल्यावर म्हातारा पहिलं वाक्य काय बोलला असेल? सुनेला म्हणला, "हळू बोल की, केवढ्यानं ओरडतीस." सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही, कुणाला मशीन लागतं, कुणाचा मोतीबिंदू असतो. पण ऐकू येत नाही, दिसत नाही म्हणून माणूस बोलण्यातून उठतो, आणि बोलण्यातून उठलेला माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. वय झालं म्हणून सोडून देऊ नका, आधी तपासा.

आता जरा कडू बोलतो. जमिनीचं. आपण शेतकरी माणसं, जीव लावतो तो सातबाऱ्याला. पोरं म्हणतात, दादा, वाटणी करा, कर्ज काढायचंय, योजना घ्यायचीय. बाप भोळेपणानं सगळं लिहून देतो. एका गावात मी स्वतः पाहिलं, आईबाप महिना थोरल्याकडं, महिना धाकट्याकडं. आणि एकतीस दिवसांच्या महिन्यात एकतीस तारखेचं जेवण कुणी घालायचं यावरून दोन सख्ख्या भावांत वाद. त्या दिवशी मी त्या गावात कीर्तनाला गेलो होतो, पण आख्यान लावायचं धाडस झालं नाही. नुसतं भजन करून आलो.

मी माझी वाटणी केली तेव्हा पाच एकरांतली दीड एकर आणि विहिरीतली माझी पाळी माझ्याच नावावर ठेवली. पोरं महिनाभर फुगून होती. मी म्हणलं, तुमच्यावर अविश्वास नाही, पण नातवाला खाऊला दहा रुपये देताना मला तुमच्याकडं हात पसरायचा नाही. कुणाला बक्षीसपत्र करूनच द्यायचं असेल तर त्यात अट लिहून घ्या की आमचा सांभाळ करायचा. २००७ सालचा कायदा आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा. अशी अट असूनही सांभाळलं नाही तर ते लिहून दिलेलं रद्द होऊ शकतं. पोटगीचा अर्ज प्रांतसाहेबांकडं करता येतो, त्याला वकील लागत नाही, आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी कायद्यात आहे. फोन करायचा तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. सत्तरच्या वरच्यांना दवाखान्याचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड निघतं, त्याला गरीब-श्रीमंत बघत नाहीत, आधार कार्ड लागतं. ज्यांनी काढलं नाही त्यांनी उद्या काल्यानंतर शाळेत या, पोरं कॉम्प्युटर घेऊन बसणार आहेत.

आणि एसटी! २०२२ पासून पंच्याहत्तरच्या वरच्यांना तिकीट नाही, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट. सरकारनं काय केलं, काय नाही, ते तुम्ही बघा. पण मी आमच्या चुलतीला बघतोय, पूर्वी लेकीकडं जायचं तर पोराच्या तोंडाकडं बघत बसायची, कधी गाडी काढतोय. आता पिशवी भरती आणि स्टँडवर जाती. घरी सांगून जाती, विचारून नाही.

सुनांबद्दल बोललो नाही तर अर्धं राहील. आम्ही कीर्तनकार मंडळी, कीर्तन पडायला लागलं की सुनेवर घसरतो. सासूला छळणारी सून म्हणलं की हमखास हशा. मीही घसरलोय. पण ती शेवटची वर्षं दादांचं दुखणं कुणी काढलं? मी बिदागीचं पाकीट घेऊन रात्री येत होतो. धोतरं धुतली ती माझ्या बायकोनं, आणि तिला कुठल्याही गावानं नारळ दिला नाही. जिच्यावर सगळा भार आहे तिला महिन्यातनं चार दिवस तरी सुटका द्या, लेकांनी ते चार दिवस करून बघावेत. आणि वडीलधाऱ्यांनाही हात जोडून सांगतो, भाजीत मीठ कमी पडलं ते शेजारणीला सांगायच्या आधी मिठाचा डबा जवळ ओढा. तसंही डॉक्टरांनी कमीच सांगितलंय.

बोलणं लांबलं. विणेकरी बाबा मघापासून घड्याळ बघतायत. चार वाजता पहारा बदलायचा आहे आणि पुढचा पहारा आक्कांचा आहे. बायकांनी वीणा घ्यावी का यावर आपल्यात एकेकाळी खळखळ झाली होती, ती मिटली, बरं झालं. आक्कांना दोन तास उभं राहवत नाही, म्हणून खांबाशी उंच स्टूल ठेवलंय. मंडपातनं देवळापर्यंत त्या एकट्या येतात, काठीनं. तेवढी वाट मधली मंडळी जरा सरकून द्या, आणि कुणी हात धरायला उठू नका. पायरीपाशी मी उभा असतोच.

राम कृष्ण हरी.